पानाच्या शिरा: पाहाव्या कशा, कापाव्या कशा आणि त्यांना म्हणावं काय

कुठल्याही झाडाचं पुरतं वाढलेलं पान हातात घ्या आणि पालथं करा. वरच्या अंगाने बोट फिरवलं तर मधली शीर बहुधा सपाट नाहीतर किंचित खोलगट लागते. पाठीवर मात्र तीच शीर दोरीसारखी उठून येते. या दोरीत दोन निराळ्या वाटा शेजारी शेजारी चालतात. एकीतून मुळांनी घेतलेलं पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार पानभर पोचतात. दुसरीतून पानाने तयार केलेली साखर बाहेर पडते आणि फळ, कोंब, कंद, मूळ, जिथे गरज असेल तिथे जाते. यातली कुठली वाट वर आणि कुठली खाली, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की पुस्तकातली निम्मी नावं पाठ करावीच लागत नाहीत.

सामान थोडकं आहे. दाढीची दोन-तीन नवी ब्लेडं, एक गाजर, मऊ ब्रश, दहापट मोठं दाखवणारं भिंग, धुण्याचा सोडा, खायचा लाल रंग. काप पाहायचे असतील तर शाळेत असतो तसा साधा सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या, आच्छादक काचा आणि एखादा रंजक, म्हणजे काप रंगवायचं द्रव्य.

नावांचा गुंता

मराठीत या विषयाची दोन-तीन नावघरं आहेत आणि विद्यार्थी इथेच अडखळतात. शाळेच्या पुस्तकात जलवाहिनी आणि रसवाहिनी असते. मराठी विश्वकोश उघडला की प्रकाष्ठ आणि परिकाष्ठ भेटतात. कॉलेजात गेलं की झायलेम आणि फ्लोएम. जलवाहिनी, प्रकाष्ठ, झायलेम हे एकच. रसवाहिनी, परिकाष्ठ, फ्लोएम हेही एकच. तसंच शाळेची पेशी म्हणजे विश्वकोशातली कोशिका, आणि शाळेची ऊती म्हणजे तिथलं ऊतक. दोन्ही ऊतींचा मिळून जो जुडगा असतो तो वाहक वृंद. पानातली शीर म्हणजे असा एक किंवा अनेक वाहक वृंद आणि त्यांना आधार देणाऱ्या भोवतालच्या पेशी.

झायलेम आणि फ्लोएम ही नावं कार्ल नेगेली या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५८ मध्ये ग्रीक शब्दांवरून घडवली. पहिल्याच्या मुळाशी लाकूड आहे, दुसऱ्याच्या मुळाशी साल. मराठी संज्ञांनीही काष्ठ धरून ठेवलं, आणि परि म्हणजे सभोवती. खोडात लाकूड आत, त्याच्या सभोवती परिकाष्ठ. नाव अगदी चोख बसतं.

जलवाहिनी हा शब्द कानाला सोपा आहे आणि पाचवी-सहावीच्या मुलांना तोच सांगावा. पुढे मात्र तो दगा देतो. जलवाहिनी म्हटलं की डोळ्यांसमोर एक नळ येतो, आणि प्रकाष्ठ काही एकच नळ नाही. त्यात रुंद नळ्या असतात, त्या वाहिका. लांबट, टोकाशी निमुळत्या, खाचांमधून पाणी एकीकडून दुसरीकडे देणाऱ्या पेशी असतात, त्या ट्रॅकीड. शिवाय आधाराचे तंतू आणि साठवणुकीच्या मृदू पेशी. वाहिका, ट्रॅकीड आणि बहुतेक तंतू काम करतात तेव्हा मेलेले असतात. पेशीतला जीवरस गेलेला असतो आणि उरते ती लिग्निन या कडक द्रव्याने घट्ट झालेली भिंत. परिकाष्ठाचं नेमकं उलट. त्यातली चाळणी नलिका जिवंत असते, पण तिचं केंद्रक नाहीसं झालेलं असतं, म्हणून शेजारची सहपेशी तिचा संसार चालवते. दोन चाळणी पेशींमधल्या आडव्या भिंतीला चाळणीसारखी भोकं असतात. थिओडोर हार्टिग या जर्मन वनशास्त्रज्ञाने १८३७ मध्ये या नलिका पहिल्यांदा ओळखल्या. मेलेल्या, कडक भिंतींची वाट पाण्याची आणि जिवंत, नाजूक पेशींची वाट साखरेची, एवढा भेद पक्का ठेवा. खालचा प्रत्येक प्रयोग याच भेदावर चालतो.

आता वर-खालीचा प्रश्न. पानात प्रकाष्ठ वरच्या अंगाला असतं आणि परिकाष्ठ खालच्या अंगाला. हे पाठ करू नका, हाताने करून पाहा. एक हात कोपरापासून उभा धरा, तळवा स्वतःकडे. तुम्ही खोडाचा गाभा, तुमचा हात गाभ्यापासून थोडं बाहेर असलेला वाहक वृंद. खोडात प्रकाष्ठ आत असतं, म्हणजे तळवा प्रकाष्ठ. परिकाष्ठ बाहेर, म्हणजे हाताची पाठ. आता पान फुटतं तसा पंजा मनगटातून बाहेरच्या बाजूला वाकवा. तळवा आभाळाकडे झाला, पाठ जमिनीकडे. खोडातलं आतलं ते पानात वरचं झालं आणि बाहेरचं ते खालचं. मावा बहुतेक वेळा पानाच्या पाठीवर, शिरेच्या कडेने दाटी करतो, त्याचं एक कारण हेच. त्याची सोंड परिकाष्ठात जायला हवी असते आणि ते पाठीकडून जवळ पडतं. उन्हापावसाचा आडोसा मिळतो तो वेगळाच. त्या रसात साखर इतकी असते, साधारण १० ते २५ टक्के, की माव्याला ती पचवून उरते. उरलेली तो मागून टाकतो, आणि तोच पानावरचा चिकटा.

आधी उजेडात धरून

पान खिडकीशी धरा आणि भिंगातून पाहा. देठातून आत येणारी मुख्य शीर म्हणजे मध्यशीर. तिच्यापासून निघणाऱ्या त्या दुय्यम शिरा, त्यांना जोडणाऱ्या आडव्या बारीक त्या तिय्यम, आणि शेवटी डोळ्यांना जेमतेम दिसणारं जाळं शिरिकांचं. जाळ्यातला एकेक चौकोन म्हणजे हिरव्या पेशींचं एकेक बेट. कित्येक पानांत बेटाच्या आत एखादी शिरिका शिरते आणि मध्येच संपते. पाण्याची वाट तिथे प्रत्यक्ष हिरव्या पेशींपाशी येऊन ठेपते.

शिरांच्या या मांडणीला शिराविन्यास म्हणतात. द्विदल म्हणजे जाळीदार आणि एकदल म्हणजे समांतर, हे शाळेतलं सूत्र बहुतेक वेळा चालतं. आंबा, पिंपळ, जास्वंद जाळीदार. ज्वारी, ऊस, बांबू समांतर. केळीच्या शिराही समांतरच, फक्त त्या मध्यशिरेपासून कडेकडे जातात. म्हणून वाऱ्यात केळीचं पान त्याच रेघांवर फाटून झिरमिळ्या होतं. जाळीदारातही दोन घराणी आहेत. पिसासारखी मांडणी, म्हणजे एक मध्यशीर आणि तिला फुटलेल्या शिरा: आंबा, पेरू. पंजासारखी मांडणी, म्हणजे देठाच्या टोकातूनच अनेक मुख्य शिरा: पपई, एरंड, कापूस.

सूत्राला अपवाद भरपूर आहेत आणि ते आपल्याच परिसरात आहेत. कोकण किनाऱ्यावरची उंडी द्विदल, पण तिच्या पानाच्या बाजूच्या शिरा इतक्या बारीक, दाट आणि समांतर की पहिल्यांदा पाहणारा फसतो. उलट घोटवेल आणि कोनफळ एकदल असून त्यांच्या शिरांमध्ये जाळं असतं. म्हणून शिरा पाहून एकदल-द्विदल ठरवायचंच असेल तर फुलाच्या पाकळ्या आणि बी यांची साक्षही काढा.

ओळख पटवायला मात्र शिरा फार उपयोगी. स्वयंपाकघरातलं तमालपत्र घ्या. बुडाजवळून तीन ठळक शिरा निघतात आणि थेट टोकाकडे धावतात. एकच मध्यशीर आणि पिसासारख्या बाजूच्या शिरा दिसल्या तर ते आपलं तमालपत्र नव्हे. बोराच्या पानातही बुडातून तीन शिरा असतात. जांभळाच्या पानात बाजूच्या शिरा कडेपर्यंत जात नाहीत. कडेच्या जरा आत त्या एका शिरेला मिळतात आणि ती पानाच्या काठाकाठाने फिरते. हंसराज या नेच्यात तर जाळंच नाही. शीर दुभंगते, पुन्हा दुभंगते आणि कडेला संपते.

रंगीत पाणी चढवणं

यासाठी फिकट आणि पाणीदार पान घ्या: कोबीचं आतलं पांढरट पान किंवा तेरड्याची कोवळी फांदी. १०० मिली पाण्यात खायचा लाल रंग अर्धा चमचा ढवळा. देठ बशीतल्या पाण्यात बुडवून पाण्याखालीच तिरपा कापा आणि लगेच रंगात उभा करा. उजेडात, हलक्या वाऱ्यात ठेवा. तेरड्याच्या पारदर्शक खोडातून रंग चढताना थोड्या वेळात दिसतो. कोबीच्या पानाला काही तास द्या.

पाण्याखाली कापायचं कारण असं. वाहिकांमधलं पाणी ढकललं जात नसतं, वरून ओढलं जात असतं. पानातून बाष्प उडतं, त्या ओढीने पाण्याचा अखंड स्तंभ वर सरकतो. डिक्सन आणि जॉली यांनी १८९४ मध्ये मांडलेलं हे स्पष्टीकरण आजही टिकून आहे. देठ हवेत कापला की ताणलेला स्तंभ मागे सरकतो, कापलेल्या तोंडातून हवा आत शिरते आणि वाहिकेत बुडबुडा अडकतो. मग तासन्‌तास वाट पाहिली तरी शीर रंगत नाही. गुलाबाची दांडी पाण्याखाली कापून फुलदाणीत ठेवायची, ती याच कारणासाठी.

रंग न चढण्याची आणखी कारणं: बोथट ब्लेडने देठ चेंगरला, खोली दमट आणि बंद होती, किंवा शाई चुकीची निवडली. चित्रकलेच्या काळ्या शाईत काजळीचे कण असतात. ते पाण्यात विरघळत नाहीत आणि पहिल्याच अडथळ्यापाशी अडकतात. विरघळणारा रंगच हवा. चीक येणाऱ्या झाडांचा नाद सोडा. चाफा, वड, पिंपळ यांचा चीक कापलेल्या तोंडावर थिजून बसतो.

या प्रयोगात फक्त प्रकाष्ठ रंगतं. परिकाष्ठ असं रंगवता येत नाही. चाळणी नलिका कापली की झाड तिची भोकं प्रथिनाने आणि कॅलोज नावाच्या पदार्थाने भराभर बुजवतं, कारण तिथून साखर वाया जाणं झाडाला परवडत नाही. काही विद्यार्थी लाल झालेल्या शिरेकडे बोट दाखवून दोन्ही वाहिन्या दिसल्या असं लिहितात. तसं लिहू नका.

पाण्याच्या वाटेचं दुसरं टोक पाहायचं असेल तर संध्याकाळी कुंडीतल्या अळूला किंवा टोमॅटोच्या रोपाला भरपूर पाणी द्या आणि वरून प्लॅस्टिकची पिशवी सैल झाका. सकाळी अळूच्या पानाच्या टोकाशी आणि टोमॅटोच्या दातेरी कडांवर थेंब दिसतील. दव पानभर पडतं. हे थेंब नेमके शिरा जिथे संपतात तिथे असतात, कारण मुळांच्या दाबाने वर आलेलं पाणी तिथल्या छिद्रांतून बाहेर पडतं.

कमळाचा तंतू

संस्कृत आणि जुन्या मराठी काव्यात मृणालतंतू येतो, तो पाहायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. कमळाच्या पानाचा देठ मोडा आणि दोन तुकडे अगदी सावकाश लांब करा. मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकते धागे ताणले जातात. वाहिकेच्या आतल्या भिंतीला लिग्निनची जी स्प्रिंगसारखी वेटोळी असते, ती उलगडून आलेला हा धागा. कमळ मिळालं नाही तर केळीच्या पानाचा जाड देठ मोडून पाहा, तिथेही असे धागे निघतात. ओढ एका सेकंदाला दोन-तीन मिलिमीटरहून जास्त नको. झटका दिला की धागा तुटतो आणि काही दिसलंच नाही असं वाटतं.

वेटोळी का? पान वाढत असताना वाहिकेलाही लांब व्हावं लागतं. भिंत सगळीकडून कडक असती तर ती फाटली असती. वेटोळ्यामुळे ती ताणली जाते आणि पाण्याच्या ओढीने आत चेपतही नाही. वाढ थांबल्यावर तयार होणाऱ्या वाहिकांच्या भिंती अधिक भरीव असतात, त्यात फक्त जाळीदार जागा किंवा खाचा उरतात. त्यांची स्प्रिंग होत नाही.

आडवा काप

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पानं बहुतेक अर्ध्या मिलिमीटरहून पातळ असतात, नुसती बोटात धरून कापता येत नाहीत. गाजराचा ३ सेंमी लांब तुकडा घ्या आणि वरून खाली दीड सेंमीपर्यंत चीर द्या. पानाची मध्यशिरेसकट ५ मिमी रुंद आणि १ सेंमी लांब पट्टी कापून चिरेत उभी सरकवा, शीर वर-खाली अशी. म्हणजे ब्लेड आडवं फिरेल तेव्हा ते शिरेला काटकोनात छेदेल. बहुतेक फसलेले काप इथेच फसतात: पट्टी जराशी तिरकी बसली की वाहिकांची गोल तोंडं लंबगोल आणि पुसट दिसतात.

गाजराचा माथा आणि ब्लेड दोन्ही पाण्याने ओले ठेवा. ब्लेड दाबू नका, कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एकाच ओढीत स्वतःकडे सरकवा. करवतीसारखं पुढे-मागे केलं की पान चिरडतं. एका दमात वीस-तीस काप घ्या आणि ओल्या ब्रशने बशीतल्या पाण्यात सोडा. अख्खा, गोल काप मिळवण्याचा हट्ट नको. जो तुकडा पाण्यात जवळजवळ दिसेनासा होतो तोच कामाचा. हिरवागार दिसणारा काप जाड आहे, तो टाकून द्या. दहा-पंधरा कापांनंतर ब्लेडची धार जाते. धारेची दुसरी बाजू वापरा, नाहीतर ब्लेड बदला.

सॅफ्रानिन या लाल रंजकाचं द्रावण करायला १ ग्रॅम पूड १०० मिली पाण्यात विरघळवून गाळून घ्या. काप त्यात दोन-तीन मिनिटं ठेवा आणि पाण्यात रंग निघायचा थांबेपर्यंत धुवा. लिग्निनच्या भिंती लाल होतात, बाकी फिकट गुलाबी राहतात. सगळंच लालभडक झालं असेल तर काप ५० टक्के अल्कोहोलमध्ये काही सेकंद बुडवून काढा. आमच्या मते शिकणाऱ्याने आधी टोल्युइडिन ब्लू वापरावा. १०० मिली पाण्यात ०.०५ ग्रॅम पुरतो, एक मिनिटात काम होतं आणि एकाच रंजकातून दोन रंग मिळतात: प्रकाष्ठ निळं-हिरवं, परिकाष्ठ जांभळट-गुलाबी. दोन ऊतींचा भेद डोळ्यांत भरतो. हा काप मात्र अल्कोहोलने धुऊ नका, रंग उतरतो. काप ग्लिसरीनच्या थेंबात ठेवा आणि आच्छादक काच एका कडेवर टेकवून सुईच्या आधाराने हळूहळू खाली सोडा. काच सपाट टाकली की बुडबुडे अडकतात. काळ्या जाड कडेचं पूर्ण गोल वर्तुळ दिसलं तर ती पेशी नव्हे, बुडबुडा आहे. दरवर्षी कितीतरी वह्यांत हा बुडबुडा नीट काढून त्याला नाव दिलेलं असतं.

सूर्यफुलाचं पान सुरुवातीला उत्तम. आधी दहाच्या वस्तुभिंगाखाली वर-खाली ओळखा. उभ्या, दाटीने लावलेल्या हिरव्या पेशींची रांग जिकडे आहे ती पानाची वरची बाजू. विरळ, पोकळ्या असलेल्या पेशी जिकडे ती खालची. मग मध्यशिरेकडे या. वृंदात वरच्या अंगाला जाड भिंतींच्या गोल पोकळ तोंडांच्या ओळी दिसतात, त्या वाहिका. त्यातही लहान तोंडाच्या वरच्या टोकाला आणि मोठ्या तोंडाच्या खाली. लहान आधी तयार झालेल्या, मोठ्या नंतरच्या. वाहिकांच्या खाली बारीक, पातळ भिंतींचा, जरा अस्ताव्यस्त वाटणारा पुंजका म्हणजे परिकाष्ठ. चाळीसच्या भिंगाखाली रुंद चाळणी नलिकेला चिकटून बसलेली चिमुकली सहपेशी शोधा. आडव्या कापात चाळणी नेमकी पातळीत सापडली तर भोकंही दिसतात, पण त्याला नशीब लागतं.

मध्यशीर सोडून बाजूला सरकलात की द्विदल पानात शिरा तिरप्या किंवा लांबीने कापलेल्या दिसतील. काप बिघडला असं समजू नका. जाळ्यातल्या शिरा चहूदिशांना जातात, तेव्हा एकच आडवा छेद काहींना लांबीनेच जाणार. उलट मका किंवा ज्वारीत सगळे वृंद एका ओळीत गोल दिसतात, कारण तिथे शिरा समांतर आहेत.

पान निवडताना काही गोष्टी जपा. जास्वंदीच्या बुळबुळीत द्रवात काप गुंतून बसतात. कण्हेरीच्या पानाचा काप देखणा येतो, पण झाड विषारी आहे. काप झाल्यावर हात साबणाने धुवा आणि ब्लेड टाकून द्या. रुईचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, तिच्या वाटेला जाऊ नका. आणि वर-खालीचा नियम शिकायला पेरू, टोमॅटो, वांगं किंवा भोपळ्याचं पान घेऊ नका. या कुळांच्या मध्यशिरेत प्रकाष्ठाच्या वर आणि खाली, दोन्हीकडे परिकाष्ठ असतं. बायकोलॅटरल म्हणतात तो हा प्रकार. नियम पक्का झाल्यावर मात्र पेरूचा काप जरूर घ्या.

ज्वारी-मक्यातली माळ

मक्याचा रंजक न घातलेला काप पाहा. प्रत्येक वृंदाभोवती मोठ्या, गडद हिरव्या पेशींचं कडं असतं. या कड्याला क्रांझ म्हणतात, जर्मन भाषेत त्याचा अर्थ फुलांची गोल माळ. ज्वारी, बाजरी, ऊस यांतही ते आहे. भात आणि गव्हात वृंदाभोवती आवरण असतं, पण त्या पेशी अशा हिरव्यागार नसतात आणि दोन शिरांमधलं अंतरही जास्त असतं. मक्यात दोन शेजारच्या कड्यांच्या मध्ये बहुधा दोनच हिरव्या पेशी मावतात.

भर उन्हात, दुपारी तीन-चारच्या सुमारास मक्याचं पान तोडून लगेच काप घ्या. टिंक्चर आयोडीनचा एक भाग आणि पाण्याचे दहा भाग असं मिश्रण करून त्याचा थेंब कापावर टाका. स्टार्च असतो तिथे निळा-काळा रंग येतो, आणि तो कड्यातच दाट उमटतो. मक्याच्या पानात कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या पेशींत पकडला जातो आणि कड्यात सोडला जातो, साखर तिथे बनते, वाहक वृंदाला खेटून. या प्रयोगात पट्टी धरायला बटाटा वापरू नका. बटाट्याचे स्टार्चचे कण कापावर पसरतात आणि सगळीकडे काळे ठिपके दिसतात.

पिंपळपानाची जाळी

पिंपळाचं जून, गडद हिरवं, किडीने न खाल्लेलं पान घ्या. तांबूस कोवळ्या पानात लिग्निन पुरेसं नसतं, त्याची जाळी हातात विरघळते.

सावकाश पद्धत सगळ्यात चांगली: पानं बादलीत पाण्यात बुडवून वर वजन ठेवा. तीन-चार आठवड्यांत जिवाणू मऊ भाग कुजवतात. वास येतो, म्हणून बादली घराबाहेर ठेवा. पाणी चार दिवसांनी अर्धंच बदला. रोज सगळं पाणी बदललं तर जिवाणूच वाहून जातात. घाई असेल तर १ लिटर पाण्यात ६० ते ७० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून पानं मंद आचेवर दीड-दोन तास उकळा. भांडं स्टीलचं हवं. ॲल्युमिनियमचं चालणार नाही, सोडा त्याला खातो. हातमोजे घाला. खाण्याचा सोडा या कामाला कमजोर पडतो.

मग पान फरशीच्या सपाट तुकड्यावर पालथं पसरा. वाहत्या पाण्याखाली मऊ टूथब्रशने मध्यशिरेकडून कडेकडे हलकेच थोपटा. घासलं की शिरिका तुटतात. लांब शेपटासारखं टोक शेवटी, बोटानेच साफ करा. पांढरी जाळी हवी असेल तर एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी यात दहा-पंधरा मिनिटं ठेवून लगेच धुवा. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. टीपकागदात घालून जाड पुस्तकाखाली वाळवा.

हातात उरलेली जाळी पूर्ण शीर नसते. कुजण्यात मऊ भिंतींचं परिकाष्ठ हिरव्या पेशींबरोबरच निघून गेलं. उरलं ते प्रकाष्ठ आणि भोवतीचे कडक तंतू. पिंपळपानाच्या जाळीवर चित्र काढतात, ते पाण्याच्या वाटांच्या सांगाड्यावर काढलेलं असतं.

शेतात पान वाचताना

पान पिवळं पडलं की आधी पाहा, पिवळं काय झालं, शीर की शिरांमधली जागा. शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी असेल तर बहुधा अन्नद्रव्याची कमतरता. मग पानाचं वय पाहा. लोह परिकाष्ठातून जुन्या पानातून नव्याकडे सहज हलवता येत नाही, म्हणून त्याची कमतरता शेंड्याच्या कोवळ्या पानांत दिसते. चुनखडीच्या जमिनीत ऊस, भुईमूग, सोयाबीन यांवर ती नेहमीची. मॅग्नेशियम सहज हलतं. झाड ते जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात. भेंडीत शिराच पिवळ्याधमक आणि मधला भाग हिरवा दिसला तर तो हळद्या, पांढऱ्या माशीने पसरवलेला विषाणू. त्यावर खत घालून काहीही होणार नाही. रोगट झाड उपटून नष्ट करा आणि पांढरी माशी आवरा.

द्राक्षबागायतदार अन्नद्रव्यांच्या तपासणीला पानाऐवजी देठ पाठवतात. नमुना काढताना पान तोडल्याबरोबर पातं देठापासून वेगळं करा. पातं तसंच राहिलं तर देठातलं द्रव्य त्याच्याकडे ओढलं जात राहतं आणि आकडे चुकतात.

लोहाचा संशय असेल तर अख्ख्या शेतावर फवारण्याआधी चार पानांवर खात्री करा. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड ताजं विरघळवा. द्रावण तांबूस झालं असेल तर ते टाकून नवं करा. शेंड्याजवळच्या पिवळ्या पानाच्या मध्यशिरेच्या एकाच बाजूला, संध्याकाळी, ब्रशने पातळ हात मारा आणि पानाला दोरा बांधून खूण करा. लोहच कमी असेल तर काही दिवसांत रंगवलेली बाजू ठिपक्याठिपक्यांनी हिरवी व्हायला लागते. मध्यशिरेच्या पलीकडची बाजू पिवळीच राहते.